कॉपीकाकूंची हिरवी पट्टी

"हात लावू नका म्हणलं ना तिला! झोपलेल्या पोराला उचलून बघता का, श्वास चालू आहे का म्हणून?"

"काकू, पण ती हलतच नाहीये. मघापासून सात टक्क्यांवर अडलीये."

"हलेल. तुम्ही टेबलावरचं कोपर काढा, म्हणजे हलेल."

तिघा भावंडांतल्या मधल्यानं कोपर काढलं. पडद्यावरची हिरवी पट्टी सात टक्क्यांवर होती तिथंच राहिली. खाली अक्षरं उमटली : अकरा दिवस बाकी.

"अकरा दिवस!" धाकटा किंचाळला. "आमची बस सव्वाचारला आहे!"

"त्या पट्टीचं काय मनावर घेता," काकू म्हणाल्या. "मघाशी चार तास म्हणत होती, त्याच्या आधी दोन मिनिटं. तिचं तिलाच ठाऊक नसतं. आमच्या ह्यांच्यासारखं आहे ते. 'आलोच' म्हणून जातात आणि..."

तेवढ्यात कॉम्प्युटरनं टुंग असा आवाज काढला. चौकट आली : उपकरण सापडत नाही. पट्टी गेली, टक्के गेले, अकरा दिवसही गेले.

कोपऱ्यातल्या टेबलाशी इस्त्र्यांची पोटं उघडून बसलेले काका म्हणाले, "मी 'आलोच' म्हणून गेलो तरी परत येतो निदान."

कॉपीकाकू हे नाव काही त्यांना आईबापांनी ठेवलेलं नाही. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या खेड्यातून ह्या गल्लीत आल्या, तेव्हा काकांचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. काका बोलघेवडे. गिऱ्हाईक एका गाण्यासाठी यायचं आणि तासभर बसायचं, तोवर इकडं कॅसेट संपून रिकामी फिरत राहायची. एक दिवस काकूंनी चुलीवरचं खाली उतरवलं, हात पुसले आणि बटण स्वतःच दाबलं. त्या दिवसापासून बोलायचं खातं काकांचं आणि बटणाचं काकूंचं. ती वाटणी एकतीस वर्षं झाली तरी मोडलेली नाही. शाळेतली पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी दुकानावरनं जाताना ओरडायची, "काकू, उद्या आम्हालापण कॉपी करून द्या!" काकू पायातली चप्पल दाखवायच्या. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

त्या काळी त्यांच्याकडं एक यंत्र होतं. वर एक खाना, खाली तीन. वरच्या खान्यात मूळ कॅसेट घालायची, तिला त्या 'आई' म्हणायच्या. खालच्या तीन कोऱ्या, ती 'पोरं'. आई एकदा गायची आणि तिन्ही पोरं एका दमात शिकायची. गल्लीत दुसऱ्या कुणाकडं तीन पोरांचं यंत्र नव्हतं. काकू त्याला रोज तलम फडक्यानं पुसायच्या आणि कान लावून मोटर ऐकायच्या. फीत कुठं गुंतणार हे त्यांना गुंतायच्या आधी कळायचं. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या. सीड्याही गेल्या, पेनड्राइव्ह आले. कान मात्र तसाच राहिला, आणि एका दमात तिघांना शिकवायची खोडही तशीच राहिली.

आता ह्या तिघांचं. थोरली बहीण, मधला आणि धाकटा, सख्खी भावंडं. एकाच बसच्या वाटेवरच्या तीन शहरांत तीन संसार, आणि एकमेकांना फोन करायचा तर आधी घसा खाकरायचा. वडील पलीकडच्या गल्लीत राहायचे, बसवर कंडक्टर होते. तिकिटं देऊन हात मोकळा झाला की हातात कॅमेरा. निवृत्त झाल्यावर तर कहरच केला म्हाताऱ्यानं. घरात कुणी शिंकलं तरी त्याचं चित्रीकरण व्हायचं. गेल्या थंडीत ते गेले. बायको त्यांच्या तीन वर्षं आधीच गेली होती. मागं राहिलं एक कपाट, एक आरामखुर्ची आणि ह्या सगळ्या चित्रीकरणाची एक जुनी हार्ड डिस्क. कपाट-खुर्चीची विल्हेवाट एका दुपारात लागली. डिस्क मात्र कुणी कुणाच्या हाती देईना.

त्याला कारण होतं. आठ वर्षांपूर्वी घरचा फोटोंचा अल्बम मधल्यानं नेला आणि महिन्यानं परत आणला. थोरलीनं उघडला तर अकरा फोटो गायब. नुसते रिकामे कोपरे. मधला म्हणाला, मी एकालाही हात लावला नाही. थोरली म्हणाली, मग काय फोटोंना पाय फुटले? तिथून जे बिनसलं ते बिनसलंच.

म्हणून आज सकाळी साडेनऊला तिघं दुकानात आले ते अट घेऊनच. तीन नव्या डिस्क, त्या एकाच वेळी भरायच्या आणि तिघांच्या डोळ्यांदेखत. आधी एकाची भरली आणि मग जुनी डिस्क बसली तर पुढचे दोघं काय करणार? जुनी डिस्क बसायच्या बेतात आहे हे काकूंना पहिल्या फटक्यात कळलं होतं. त्यांनी तिला कान लावला होता. आतनं घरघर येत होती, आणि मधनंच कुणी जिभेनं टकटक करावं तसा आवाज.

"होईल ना काकू?" थोरलीनं विचारलं होतं.

"एक आई, तीन पोरं. जन्म गेला माझा त्यात," काकू म्हणाल्या होत्या. "चहा घेऊन या तोवर."

तोंडातनं शब्द गेला होता. आता साडेदहा वाजून गेले होते, चहा दोनदा झाला होता आणि पट्टी चौथ्यांदा मेली होती. ही तिघं जर आज हात हलवत परत गेली, तर ती डिस्क कुणातरी एकाच्या पिशवीत जाणार आणि उरलेले दोघं जन्मात त्याचं तोंड बघणार नाहीत, हे काकूंना कुणी सांगायची गरज नव्हती.

"केबल," त्या म्हणाल्या आणि टेबलाखालचा पत्र्याचा डबा ओढला.

डब्यात शे-दीडशे केबलींचा गुंता. काकूंनी त्यातनं एक आखूड, जाड केबल उपसली. जुन्या डिस्कची केबल काढून बघितली तर तिचं तोंड सैल झालेलं, नुसतं फुंकलं तरी हलत होतं.

"हे बघा. टेबलाला धक्का लागला की संसार तुटतो, तो ह्यामुळं. उगाच नाही मी कोपर काढा म्हणत."

नवी केबल लागली. पट्टी पुन्हा उगवली. ह्या वेळी ती मेली नाही, पण तिचं चालणं बघवेना. एक टक्का. दीड. धाकटा घड्याळाकडं बघायचा, पट्टीकडं बघायचा आणि पुन्हा घड्याळाकडं.

"पुढच्या भोकात लावलंय म्हणून असेल," मधला म्हणाला. "मागची निळी असतात ती जलद चालतात."

"ठाऊक आहे मला!" काकू म्हणाल्या, कारण त्यांच्या ध्यानातनं ते गेलं होतं. त्यांनी कॉम्प्युटरची पेटी ओढून फिरवली. मागं जाळं, त्या जाळ्यात एक कोळी आणि कोळ्याच्या मागं दोन निळी भोकं. डिस्क चार. एका निळ्या भोकात जुनी गेली. दुसऱ्यात काकूंनी चार तोंडांचा हब लावला आणि त्या हबात तिन्ही नव्या.

पट्टी जरा पळाली, म्हणजे म्हातारं माणूस बस सुटताना पळतं तेवढीच. मग नव्या तीनपैकी एकीचा दिवा फडफडला आणि विझला. टुंग.

"माझीच!" मधला म्हणाला. "माझीच कशी विझते?"

"तुझीच विझणार," थोरली म्हणाली. "देवाला डोळे आहेत."

"ताई, तोंड सांभाळ."

"मी कशाला सांभाळू? मी काय अल्बम नेला होता?"

"ओ, भांडायचं तर बाहेर," काका म्हणाले. "इथं इस्त्र्या तापत नाहीत, तुम्ही तापताय."

काकूंनी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी जुनी डिस्क दोन बोटांत हलकेच धरली आणि कान लावला. घरघर, टक, घरघर, टक-टक, सर्रर्र, टक. कॅसेटच्या मोटरीचा आवाज एकसारखा असायचा. हा तसा नव्हता. आत कुणीतरी धावपळ करत होतं. इकडून तिकडं, तिकडून पलीकडं, पुन्हा इकडं, असं.

त्यांनी कॉपी थांबवली आणि फोन उचलला. मनावर दगड ठेवूनच, कारण फोन लावायचा होता नणंदेच्या मुलाला. हा भाचा चाळिशीचा, मोठ्या कचेरीत कॉम्प्युटर सांभाळणारा आणि भयंकर शहाणा. त्याला काही विचारलं की तो आधी हसायचा आणि मग सांगायचा.

"मामी! बोल. आज काय पेटवलंस?"

"जाळू नकोस मला. जुनी डिस्क आहे, आतनं टकटक येते. कॉपी होते, पण रांगते. केबल बदलली, भोक बदललं."

"कुठल्या डिस्कवर टाकतेयस?"

"तिन्हीवर."

"तिन्हीवर म्हणजे? एकामागून एक?"

"एकदम. तीन खिडक्या उघडल्यात."

पलीकडनं हसण्याचा आवाज आला. काकूंनी फोन कानापासून लांब धरला, हसू संपू दिलं आणि पुन्हा कानाला लावला.

"मामी, ती कॅसेट नाही गं! कॅसेट एकदा वाजायची आणि तिघं ऐकायचे. डिस्कला वाचायचं डोकं एकच. तू तिघांना वेगवेगळं वाचायला लावलंस. एक पहिल्या पानावरनं हाक मारतोय, दुसरा शंभराव्या, तिसरा पाचशेव्या. ते बिचारं पळतंय तिघांकडं. वाचायला वेळ कधी मिळणार? त्यात हबाच्या एका तारेवर तीन डिस्क जेवायला बसवल्यास. मग एखादी उपाशी उठणारच. आणि म्हातारी जितकी पळेल तितकी लवकर जाईल, हे सांगून ठेवतो."

काकूंनी मान वर केली. समोर तिघं उभे होते, तिघांची तोंडं तीन दिशांना.

"मग काय करू?"

"म्हातारीला एकदाच वाचू दे. एका दमात, तुझ्या कॉम्प्युटरवर. मग तिला सोडवून बाजूला ठेव. पुढं तुझ्या कॉम्प्युटरवरनं एकेकाला दे, हब-बिब काही नको, थेट निळ्या भोकात. जागा आहे ना तुझ्या कॉम्प्युटरवर?"

"आहे," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

जागा नव्हती.

हे त्यांनी मोठ्यानं सांगितलं नाही, पण पडद्यावरची लाल पट्टी सगळ्यांना दिसली. जुन्या डिस्कमधलं सामान एकशे ऐंशी जीबी. काकूंच्या कॉम्प्युटरवर मोकळी जागा तेरा.

"एवढं काय भरलंय ह्यात?" धाकट्यानं विचारलं.

"तिला विचारू नका," काका म्हणाले. "मला विचारा. ती पुसत नाही. जन्मात काही पुसलेलं नाही तिनं. माझी अक्कल तेवढी रोज काढते."

खरं होतं ते. कॉपी करणाऱ्या बाईचा एका प्रतीवर विश्वास नसतो. काकूंनी दुकानातल्या सगळ्या मूळ फायली एका फोल्डरात ठेवल्या होत्या, नाव 'दुकान'. मग एकदा भीती वाटली म्हणून 'दुकान बॅकअप'. तो नीट झाला की नाही अशी शंका आली म्हणून 'दुकान बॅकअप नवीन'. त्यानंतर 'दुकान खरा', मग 'दुकान शेवटचा', त्याच्यामागून 'शेवटचा आता नक्की', आणि सगळ्यांत खाली 'ह्याला हात लावू नये'. सात फोल्डर, सातांत तेच. आणि सातही एकाच कॉम्प्युटरवर, म्हणजे घराला आग लागली तर सातही खोल्या एकदम जळणार.

थोरलीनं ती नावं वाचली आणि तिला हसू आवरेना. मग मधलाही हसला. दोघं एकाच गोष्टीला हसतायत हे लक्षात आल्यावर दोघंही थांबले.

"हसा," काकू म्हणाल्या. त्यांनी सातही फोल्डरांचे आकडे तपासले. सातांत फायली तेवढ्याच. पुसायला हरकत नव्हती. पण हात बटणावर जाईना. एकतीस वर्षं त्या हातानं फक्त वाढवलं होतं, कमी कधी केलं नव्हतं. कॅसेट पुसायची वेळ आली तरी त्या काकांना हाक मारायच्या आणि तोंड फिरवून उभ्या राहायच्या.

"अहो, इकडं या."

"नाही येत," काका इस्त्रीवरनं मान न उचलता म्हणाले. "आजचं तू कर."

काकूंनी 'दुकान' आणि 'ह्याला हात लावू नये' तेवढे ठेवले. मधले पाच निवडले, डोळे मिटले आणि बटण दाबलं. डोळे उघडून बघितलं तर जागा तेरा जीबी होती ती तेराच.

"अगं, कचरा घरातल्याच डब्यात टाकलास," काका म्हणाले. "तो डबा ओत की बाहेर."

काकूंनी कचरापेटी रिकामी केली. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की ना? काकू म्हणाल्या, "तूपण विचार. सगळ्यांनी विचारा." लाल पट्टी निळी झाली. दोनशे अठ्ठावीस जीबी मोकळे.

पावणेबाराला म्हातारी एकटी वाचायला बसली. तिन्ही नव्या डिस्क बाजूला, हब डब्यात, एक केबल, एक भोक. काकूंनी कान लावला. घरघर एकसारखी झाली होती. टकटक अजून होती, पण लांब लांब, जिना चढताना माणूस मधे टेकतं तशी. पट्टी पळेना, पण थांबेनाही. एक तास दहा मिनिटं म्हणाली आणि खरंच तासाभरानं आणखी दहा मिनिटंच राहिली. पट्टीनं शब्द पाळलेला काकूंनी पहिल्यांदा बघितला.

एक वाजता काम संपलं. काकूंनी म्हातारीला सोडवलं, फडक्यात गुंडाळलं आणि कपाटावर ठेवलं. चार हजार तीनशे सोळा फायली. थोरलीनं आकडा तळहातावर लिहून घेतला.

"आता एकेकाची. पहिला कोण?"

"मी," तिघं म्हणाले.

काकूंना हे येणार ठाऊकच होतं. त्यांनी कपाटाकडं बोट दाखवलं. "ती जुनी कुणाला द्यायची ते अजून ठरलेलं नाही. जो शेवटी थांबेल, जुनी त्याची. बोला, पहिला कोण?"

तिघांनीही कपाटाकडं बघितलं. मग थोरली म्हणाली, "मधल्या, तू घे ना आधी."

"छे छे, तू मोठी. तुझा मान."

"धाकट्याला देऊ की. लहान आहे."

"मला काही घाई नाही," धाकटा म्हणाला, ज्याचे सकाळपासून घड्याळ बघून डोळे दुखायला आले होते.

कुणी बाहेरनं ऐकलं असतं तर म्हणालं असतं, काय प्रेम आहे भावंडांत. हे प्रेम पाच मिनिटं चाललं, मग काकांनी तीन चिठ्ठ्या केल्या. मधल्याची पहिली आली, धाकट्याची दुसरी. थोरलीची शेवटची. तिनं कपाटाकडं बघून हसू गालातच ठेवलं.

मधल्याची डिस्क लागली. काकू मागं जाऊन डबा उघडून बसल्या, दोन घास खाल्ले. आल्या तेव्हा मधल्याचं झालं होतं. मग धाकट्याचं, मग थोरलीचं. प्रत्येकाला चाळीस मिनिटांच्या आसपास. पट्टी कशी पाटाच्या पाण्यासारखी गेली. तीन वाजून दहा मिनिटांनी काकूंनी आकडे काढले. थोरली, चार हजार तीनशे सोळा. धाकटा, चार हजार तीनशे सोळा.

मधला, चार हजार तीनशे पंधरा.

थोरलीनं तळहात बघितला. मग भावाकडं बघितलं. "ह्या वेळी एकच? मागच्या वेळी अकरा होते."

"अगं, माझ्याच डिस्कमधली कमी आहे! माझीच मी कशाला चोरू?"

"सवय."

मधला लालबुंद झाला. काकूंनी हात वर केला. "गप. दोघं गप. दादा, तुमची कॉपी चालली होती तेव्हा मी आत होते. काही चौकट आली होती का?"

मधल्यानं खाली बघितलं. "आली होती. काहीतरी फाइल मोठी आहे म्हणत होती. 'वगळा' असं बटण होतं."

"आणि तुम्ही वगळलंत."

"पुढं जाईना ना ती!"

"डिस्क नवी आहे का तुमची?"

"नवीच. म्हणजे घरच्या टीव्हीला लावायचो कधीमधी, सिनेमे बघायला."

काकूंनी कपाळाला हात लावला. जुन्या टीव्हीला चालावी म्हणून डिस्कची आतली मांडणी जुन्या पद्धतीची केलेली होती. तिच्यात लहान फायली हव्या तेवढ्या मावतात, पण चार जीबीच्या वरची एकही नाही. दार बारकं आणि कपाट मोठं, तसलं काम. त्यांनी यादी बघितली. चार हजार तीनशे सोळांत फक्त एकच फाइल तेवढी दांडगी होती, अकरा जीबी. सलग अडीच तासांची.

"सिनेमे जातील तुमचे," त्या म्हणाल्या. "सगळी पुसून नवी मांडणी करावी लागेल. पुसू?"

"पुसा."

ह्या वेळी काकूंचा हात अडला नाही. सव्वातीनला मधल्याची कॉपी पहिल्यापासून सुरू झाली. चार वाजेपर्यंत होणार होती, आणि बस सव्वाचारला.

"ती फाइल आहे तरी काय?" धाकट्यानं विचारलं. "अडीच तास काय काढलंय बाबांनी? लावा ना काकू."

"इथं नाही लावायची!" काकू गरजल्या. "कॉम्प्युटर एकाला वाचून दाखवतोय. मधे कुणी हाक मारायची नाही. ताई, तुमची डिस्क आणा, त्या टीव्हीला लावू."

गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवलेला टीव्ही काकांच्या डोक्यावर होता. थोरलीची डिस्क त्याला लागली. चित्र आलं. कॅमेरा शेल्फवर ठेवलेला, समोर बाहेरची खोली, खिडकी, कॉट. बाबांचा अंगठा भिंगावर, मग बाबांचं नाक, मग बाबा निघून गेले. कॅमेरा बंद करायचं विसरून.

"झालं," थोरली म्हणाली. "अडीच तास कॉट."

काकांनी रिमोट घेतला आणि चित्र पळवलं. खोलीत ऊन सरकलं. मांजर आलं, गेलं. मग एक बाई आली आणि कॉटवर बसली. काकांनी बटण सोडलं.

"आई," धाकटा म्हणाला.

तिच्या मांडीवर अल्बम होता. ती एकेक पान उलटत होती. एका फोटोपाशी थांबली, डोळे बारीक करून बघितलं, जीभ टाळ्याला लावून च्च केलं आणि फोटो कोपऱ्यातनं उपसला. "कसलं ध्यान दिसते," ती स्वतःशीच म्हणाली. पुढं आणखी एक. "डोळे मिटलेले." आणखी एक. "हा कुणी काढला? बैल दिसते मी ह्यात." उपसलेले फोटो ती उशीच्या अभ्र्यात सारत होती. दारातनं बाबांचा आवाज आला, "अगं, अल्बम काढून ठेव, मधला न्यायला येतोय!" आई म्हणाली, "आणते, आणते," आणि शेवटचे दोन घाईघाईनं उपसले.

धाकट्यानं बोटांवर मोजले होते. "अकरा."

काकांनी चित्र थांबवलं. मग मधल्याच्या घशातनं कसलातरी आवाज आला आणि तो हसायला लागला, असा की त्याला खुर्ची धरावी लागली. थोरली आधी रडवेली झाली, मग तीही. "बैल! बैल म्हणाली!" धाकटा तर जमिनीवरच बसला.

"टेबलाला टेकू नका," काकू म्हणाल्या. "कॉपी चालू आहे."

चार वाजायला दोन मिनिटं असताना पट्टी पूर्ण झाली. काकूंनी आकडा मोठ्यानं वाचला. "चार हजार तीनशे सोळा." थोरलीनं तळहात बघितला नाही. तिनं स्टूल ओढलं, वर चढून कपाटावरचं फडकं काढलं आणि जुनी डिस्क मधल्याच्या हातात ठेवली.

"शेवटची तुझी झाली. नियम म्हणजे नियम."

"अगं पण चिठ्ठीत तुझी..."

"घे म्हणते ना! आणि वाटेत उघडून बघू नकोस, एकदा दिलेलं पुन्हा मोजणार नाही मी."

"लावायची नाही बरं का तिला कुठं," काकूंनी बजावलं. "वाचून दमलीये. नुसती असू दे."

"आणि ती उशी? तिचा अभ्रा कुठं गेला असेल?" धाकटा दारातनं विचारत होता.

"बाबांच्या शेजाऱ्यांना दिली की आपण खुर्चीसोबत," थोरली म्हणाली. तिघं एकमेकांकडं बघत राहिले. मग बसच्या दिशेनं निघालेले पाय एकदम शेजाऱ्यांच्या दिशेनं वळले.

"बस!" काका ओरडले.

"सहाची आहे की पुढची!" मधल्याचा आवाज गल्लीच्या टोकावरनं आला.

काकूंनी डब्यातला हब आणखी खोल दाबला आणि कॉम्प्युटरची पेटी पुन्हा भिंतीकडं सरकवली, ह्या वेळी निळी भोकं पुढं करून. पाठ जरा सरळ केली. दारात एक मास्तर उभे होते, एका हातात एक पेनड्राइव्ह, दुसऱ्यात पाच.

"काकू, ह्या एकात वर्गाचे धडे आहेत, ते ह्या पाचांवर जरा टाकून द्या. एकदमच लावा ना पाची, लवकर होईल."

इस्त्रीच्या टेबलावरनं काका खाकरले.

"बसा मास्तर," काकू म्हणाल्या आणि धड्यांचा पेनड्राइव्ह पदराला पुसून एकटाच भोकात लावला. "कोपर काढा टेबलावरचं."